टॉर्बर्नाइटचे कोडे

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचुदाची बाटली असेलच. त्यातला एक लहानसा निळा खडा परीक्षानळीत घालून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, मंद आचेवर तापवून पाहा. थोड्याच वेळात नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि निळा खडा पांढऱ्या भुकटीत बदलतो. भुकटी थंड झाल्यावर तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडला की निळा रंग परत येतो. कोरड्या दिसणाऱ्या खड्यात पाणी दडलेले होते आणि तो निळा रंग तांबे व पाणी या जोडीचा होता, हे या साध्या प्रयोगावरून ध्यानात येते.

आज आपण ज्या खनिजाची ओळख करून घेणार आहोत, त्यातही तांबे आहे आणि तांब्याभोवती पाणीही आहे. पण त्यांच्या सोबतीला आणखी एक मूलद्रव्य आहे, ते म्हणजे युरेनियम. या खनिजाचे नाव टॉर्बर्नाइट. रंगाने ते पाचूसारखे हिरवेगार असते, आणि ते किरणोत्सर्गी आहे.

१८९८ साली पॅरिसमध्ये याच खनिजाचे दोन नमुने एकाच उपकरणात मोजले गेले. एक खाणीतून आलेला होता, दुसरा काचपात्रात तयार केलेला. दोन्हींत तेच तांबे, तेच युरेनियम, तेच फॉस्फेट. असे असूनही खाणीतल्या नमुन्याचा किरणोत्सर्ग काचपात्रातल्याच्या पाचपटीहून अधिक भरला. एकाच पदार्थाचे दोन तुकडे असे वेगळे का वागावेत? हे कोडे सोडवता सोडवता दोन नवी मूलद्रव्ये हाती लागली. त्या कोड्याकडे आपण येणारच आहोत. पण त्याआधी हे खनिज नीट पाहून घेऊ.

चौकोनी पत्रे

टॉर्बर्नाइटचे स्फटिक पाहिले की प्रथम डोळ्यांत भरतो तो त्यांचा आकार. लहान लहान चौकोनी पत्रे एकमेकांवर रचून ठेवावेत, तसे ते दिसतात. धारदार पात्याने हे पत्रे अभ्रकासारखे एकावरून एक सुटे होतात. स्फटिकाच्या ठराविक दिशेने फुटण्याच्या या गुणाला खनिजशास्त्रात पाटन म्हणतात. जुने जर्मन खाणकामगार या खनिजाला हिरवे अभ्रक म्हणत, आणि पुढे त्यात युरेनियम आहे असे कळल्यावर त्याला युरेनियमचे अभ्रक हे नाव पडले. रासायनिक दृष्ट्या मात्र त्याचा अभ्रकाशी काहीही संबंध नाही. अभ्रक हे सिलिकेट आहे, टॉर्बर्नाइट फॉस्फेट आहे.

त्याची कठिनता दोन ते अडीच आहे. आपल्या नखाची कठिनता सुमारे अडीच. म्हणजे नखानेसुद्धा त्यावर ओरखडा उठू शकेल. (हा प्रयोग नखाने कोणी करायचा नाही, हे सांगायला नकोच!) विशिष्ट गुरुत्व ३.२ च्या आसपास असते. युरेनियमसारखे जड मूलद्रव्य पोटात असताना ते एवढे कमी कसे, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण पाणी. टॉर्बर्नाइटच्या घटनेचा हिशेब असा आहे : तांब्याचा एक अणू, युरेनिलचे दोन गट, फॉस्फेटचे दोन गट आणि पाण्याचे बारा रेणू. युरेनिल म्हणजे युरेनियमचा एक अणू आणि त्याच्या दोन बाजूंना सरळ रेषेत चिकटलेले ऑक्सिजनचे दोन अणू.

आता वही-पेन्सिल घ्या. तांब्याचा अणुभार ६३.५. युरेनियमचा २३८ आणि ऑक्सिजनचा १६ धरला, तर एक युरेनिल गट २७० भरतो, दोन मिळून ५४०. फॉस्फरसचा ३१, म्हणून एक फॉस्फेट गट ९५, दोन मिळून १९०. पाण्याचे बारा रेणू २१६. सगळ्यांची बेरीज १००९.५ येते, आणि त्यात एकट्या युरेनियमचा वाटा ४७६. म्हणजे टॉर्बर्नाइटमध्ये वजनाने सुमारे ४७ टक्के, ढोबळ मानाने निम्मे, युरेनियम असते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तोच आपल्या कामी येणार आहे.

स्फटिकाच्या आत डोकावता आले तर काय दिसेल? बुद्धिबळाच्या पटावर काळी-पांढरी घरे जशी आलटून पालटून येतात, तसे युरेनिल आणि फॉस्फेट हे गट आलटून पालटून बसून एक सपाट थर तयार होतो. असे थरावर थर रचलेले असतात, आणि दोन थरांच्या मधल्या जागेत तांबे आणि पाणी राहते. थराची वीण घट्ट, पण दोन थरांमधली बांधणी सैल. म्हणून तर पत्रे सहज सुटतात. मधले पाणीही तितकेच सैल बांधलेले असते. कोरड्या हवेत नुसते ठेवले, तरी काही काळाने टॉर्बर्नाइटमधले काही पाणी उडून जाते आणि बारा रेणूंच्या जागी आठच उरतात. अशा खनिजाला मेटाटॉर्बर्नाइट म्हणतात. स्फटिकाचा बाह्य आकार तोच राहतो, पण पारदर्शकपणा कमी होतो. संग्रहालयांत टॉर्बर्नाइट म्हणून मांडलेले पुष्कळसे नमुने वास्तविक मेटाटॉर्बर्नाइटचेच असतात.

पुण्याजवळच्या पाषाण येथील दगडखाणींत सापडलेले हिरव्या अपोफिलाइटचे स्फटिक तुमच्यापैकी कोणी एखाद्या संग्रहालयात पाहिले असतील. गंमत अशी की अपोफिलाइटसुद्धा चतुष्कोणीय, त्यालाही एका दिशेने सुरेख पाटन, त्याच्यातही पाणी, आणि तापवले की त्याचेही पापुद्रे सुटतात. पण पाषाणच्या अपोफिलाइटचा हिरवा रंग व्हॅनेडियममुळे आलेला आहे आणि त्यात युरेनियम नाही. हिरव्या रंगाचा आणि किरणोत्सर्गाचा संबंध नाही, हे यावरून दिसेल.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे. चित्रकथांतून आणि सिनेमांतून किरणोत्सर्गी वस्तू नेहमी अंधारात हिरवी चमकताना दाखवतात. ही समजूत बहुधा जुन्या घड्याळांवरून आली असावी. त्या घड्याळांच्या आकड्यांना आणि काट्यांना रेडियम व झिंक सल्फाइड यांचे मिश्रण लावत. चमकत असे ते झिंक सल्फाइड, रेडियम केवळ त्याला ऊर्जा पुरवीत असे. टॉर्बर्नाइट अंधारात मुळीच चमकत नाही. त्याचा हिरवा रंग तांब्याने आणलेला आहे. याचा पुरावा हवा असेल, तर त्याच्या भावंडाकडे पाहा. टॉर्बर्नाइटमधल्या तांब्याच्या जागी कॅल्शियम बसले की ऑट्युनाइट हे खनिज होते. थरांची रचना तशीच, युरेनियमही जवळजवळ तेवढेच, पण रंग पिवळा किंवा पिवळट हिरवा. जंबुपार दिव्याखाली धरले की ऑट्युनाइट लखलखीत पिवळे-हिरवे उजळून निघते, टॉर्बर्नाइट मात्र बहुधा ढिम्म राहते. युरेनिलने शोषून घेतलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडण्याआधीच शेजारचे तांबे ती हिरावून घेते, आणि तिची उष्णता होऊन जाते.

तीन वाटसरू

हे खनिज जमिनीच्या पोटात खोलवर तयार होत नाही. ते जन्मते पृष्ठभागाजवळ, जेथे पावसाचे पाणी भेगांतून झिरपत असते तेथे. म्हणून त्याला दुय्यम खनिज म्हणतात. आधी एक प्राथमिक खनिज असते, ते मोडते, आणि त्याच्या मालातून हे नवे घडते.

युरेनियमचे मुख्य प्राथमिक खनिज युरेनिनाइट, काळे आणि जड. त्याच्याच एका प्रकाराला पिचब्लेंड म्हणतात. त्यातले युरेनियम बहुतांशी चार संयुजेचे असते आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जोवर ऑक्सिजन पोचत नाही, तोवर युरेनिनाइट कोट्यवधी वर्षे जागच्या जागी पडून राहील. पण डोंगर झिजत जातो, खोलवरचा खडक वर येतो, आणि एक दिवस ऑक्सिजनयुक्त पाणी त्याला गाठते. मग युरेनियमची संयुजा चारावरून सहावर जाते, त्याचे युरेनिल होते, आणि युरेनिल पाण्यात विरघळते.

येथे थोडे थांबा. लोखंडाची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात लोह विरघळलेले राहते, आणि हवा लागली की तांबडा गंज होऊन तळाशी बसते. विहिरीचे पाणी काढताना स्वच्छ दिसते आणि बादलीत थोडा वेळ राहिल्यावर तांबूस गढूळ होते, ते यामुळेच. लोहाला ऑक्सिजन जखडून टाकतो, युरेनियमला तो मोकळे सोडतो. युरेनियमच्या भूशास्त्रातल्या कितीतरी गोष्टी या एका फरकातून समजतात.

तर आपला पहिला वाटसरू असा निघाला. दुसरा वाटसरू तांबे. युरेनियमच्या शिरांत किंवा शेजारी कॅल्कोपायराइटसारखी तांब्याची सल्फाइडे असली, तर तेच ऑक्सिजनयुक्त पाणी त्यांनाही कुजवते. सल्फाइडांच्या ऑक्सिडीकरणातून सल्फ्यूरिक आम्ल निर्माण होते, आणि त्या आम्लधर्मी पाण्यात तांबे सहज विरघळते. तिसरा वाटसरू फॉस्फेट. ते येते अॅपेटाइट या खनिजापासून. अॅपेटाइट ग्रॅनाइटसारख्या खडकांत थोड्या प्रमाणात जवळजवळ नेहमी असते, आणि आपल्या दातांतले व हाडांतले खनिज याच कुळातले आहे. आम्लधर्मी पाणी अॅपेटाइटलाही विरघळवते.

हे तिघे वेगवेगळ्या वाटांनी येऊन एखाद्या भेगेत भेटले, की टॉर्बर्नाइट तयार होते, कारण तिघांचे मिळून होणारे हे संयुग पाण्यात फारच थोडे विरघळते. भेगेच्या भिंतींवर हिरवे चौकोनी पत्रे बसू लागतात. तांबे कमी आणि कॅल्शियम जास्त असेल, तर ऑट्युनाइट तयार होते. पुष्कळदा दोन्ही एकाच खडकावर शेजारी शेजारी सापडतात.

यावरून टॉर्बर्नाइट कोठे शोधावे हेही कळते. जेथे तांबे आणि युरेनियम यांची गाठ पडली आहे, अशा जागी. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील गनिसलेक, जर्मनीतील सॅक्सनीचा खाणप्रदेश, काँगोमधील पूर्वीच्या कटंगा प्रांतातील मुसोनोई ही त्याची नावाजलेली ठिकाणे. आपल्या देशात झारखंडमधील सिंगभूमच्या पट्ट्यात तांब्याच्या आणि युरेनियमच्या खाणी एकाच रांगेत आहेत. जादुगुडा येथील युरेनियमची खाण याच पट्ट्यातली. या पट्ट्यातही पृष्ठभागाजवळच्या कुजलेल्या खडकांत टॉर्बर्नाइट आणि ऑट्युनाइट आढळले आहेत. खनिजांचा शोध घेणाऱ्यांना असा हिरवा पत्रा दिसला, की खाली काळे युरेनिनाइट असेल काय, अशी शंका घ्यायला जागा होते.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र सह्याद्रीत त्यासाठी हिंडू नये. आपला काळा बेसाल्ट युरेनियमच्या बाबतीत फार गरीब आहे. ग्रॅनाइटमध्ये दहा लाख भागांत सरासरी चारेक भाग युरेनियम असते, बेसाल्टमध्ये एक भागही जेमतेम.

पॅरिसमधील मोजमाप

आता कोड्याकडे वळू. टॉर्बर्नाइट हे नाव स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांच्यावरून १७९३ साली पडले. त्याचे दुसरे जुने नाव कॅल्कोलाइट, ग्रीक भाषेतील तांब्याच्या शब्दावरून आलेले. मादाम क्यूरींच्या लेखनात हेच नाव आढळते.

१८९६ साली बेक्वेरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण निघतात असे आढळले होते. १८९७ च्या अखेरीस मेरी क्यूरींनी या किरणांचा अभ्यास हाती घेतला. बेक्वेरेल यांनी मुख्यतः छायाचित्राच्या काचा वापरल्या होत्या. मेरीबाईंनी मोजमापाचा मार्ग धरला. किरणांमुळे हवा विद्युतवाहक बनते, म्हणून हवेतून वाहणारा विद्युत प्रवाह मोजला की किरण किती तीव्र आहेत हे आकड्यांत सांगता येते. त्यांच्या उपकरणात धातूच्या दोन वाटोळ्या चकत्या एकमेकींपासून ३ सेंटिमीटर अंतरावर असत. खालच्या चकतीवर पदार्थाची भुकटी पसरायची, चकत्यांमध्ये १०० व्होल्टचा विद्युत दाब लावायचा, आणि प्रवाह मोजायचा. हा प्रवाह अतिशय सूक्ष्म, अँपिअरच्या दहा हजार कोटीव्या भागांत मोजावा लागे. त्यासाठी पती पिएर क्यूरी आणि त्यांचे बंधू जाक यांच्या शोधावर आधारलेले क्वार्ट्झचे उपकरण त्यांच्या उपयोगी पडले. प्रयोगाची जागा म्हणजे पिएर शिकवीत त्या शाळेतील तळमजल्यावरची एक ओलसर खोली.

त्यांनी युरेनियमची पुष्कळ संयुगे मोजली. ऑक्साइडे, नायट्रेट, सल्फेट, कोरडी, ओली. निष्कर्ष स्पष्ट होता. किरणांची तीव्रता ठरते ती पदार्थात युरेनियम किती आहे यावर. ते कोणाशी संयोग पावले आहे, याला फारसे महत्त्व नाही. म्हणजे हा गुण रेणूचा नसून अणूचाच आहे. हा नियम ठरल्यावर अपेक्षा अशी, की शुद्ध युरेनियम धातूहून अधिक तीव्र किरण देणारे युरेनियमचे संयुग असूच नये.

मग त्यांनी खनिजे मोजायला घेतली. दहा हजार कोटीवा भाग हे एकक धरले, तर युरेनियम धातूचा आकडा २.३ होता. सॅक्सनीच्या योहानगेऑर्गनश्टाट येथील पिचब्लेंडचा आला ८.३. आणि कॅल्कोलाइटचा ५.२.

मघाचा हिशेब आठवा. टॉर्बर्नाइटमध्ये युरेनियम निम्म्याहूनही थोडे कमी. तेव्हा आकडा यायला हवा होता एकच्या आसपास. आला तो ५.२, प्रत्यक्ष युरेनियमच्या दुपटीहून अधिक!

अशा वेळी तुम्ही काय केले असते? मोजण्यात चूक झाली म्हणून पुन्हा मोजले असते. तेही त्यांनी केले. मोजमाप बरोबर असेल, तर दोन शक्यता उरतात. एक अशी की या खनिजाच्या स्फटिकरचनेतच काही विशेष आहे, ज्यामुळे युरेनियमचे किरण वाढतात. तसे असेल, तर अणूचा गुण हा नियमच मोडीत निघाला. दुसरी शक्यता, खनिजात युरेनियमखेरीज आणखी काहीतरी आहे, प्रमाणाने इतके थोडे की रासायनिक विश्लेषणात ते दिसत नाही, पण किरणांच्या बाबतीत युरेनियमहून कितीतरी प्रबळ.

या दोहोंतील निवाडा पिचब्लेंडवर करणे अवघड होते, कारण पिचब्लेंड म्हणजे अनेक मूलद्रव्यांची खिचडी. कॅल्कोलाइट मात्र स्वच्छ, ठराविक घटनेचे, आणि मुख्य म्हणजे ते प्रयोगशाळेत बनवता येत होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ दब्रे यांनी त्याची कृती देऊन ठेवली होती. तांब्याचे फॉस्फेट फॉस्फोरिक आम्लात विरघळवायचे, त्यात युरेनियम नायट्रेटचा विद्राव मिसळायचा, आणि मिश्रण ५० ते ६० अंश सेल्सियस तापमानाला ऊबदार ठेवायचे. काही काळाने द्रवात कॅल्कोलाइटचे स्फटिक दिसू लागतात. मेरीबाईंनी शुद्ध रसायने घेऊन या कृतीने कॅल्कोलाइट बनवले. तेच घटक, तीच स्फटिकरचना. ते उपकरणात ठेवून मोजले.

आकडा आला युरेनियमच्या अडीचपट कमी, म्हणजे ०.९ च्या आसपास. नियमाप्रमाणे जेवढा यायला हवा, जवळजवळ तेवढाच.

स्फटिकरचनेची शक्यता एका फटक्यात निकालात निघाली. रचना दोन्हींत सारखी होती, तरी वाढीव किरण फक्त खाणीतल्या तुकड्यात होते. तेव्हा त्यात दुसरे काहीतरी असलेच पाहिजे. १२ एप्रिल १८९८ रोजी मेरीबाईंचे टिपण पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांचे गुरू लिपमन यांनी सादर केले. त्यात पिचब्लेंड आणि कॅल्कोलाइट या दोन खनिजांचा उल्लेख करून, त्यांत युरेनियमहून फार अधिक क्रियाशील असे मूलद्रव्य असावे, असा तर्क मांडलेला आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये पोलोनियमची आणि डिसेंबरमध्ये रेडियमची घोषणा झाली. हे शोध पिचब्लेंडमधून लागले, म्हणून इतिहासात मान मिळाला तो पिचब्लेंडला. आमच्या मते मात्र कॅल्कोलाइटचा वाटा त्याहून कमी नाही. पिचब्लेंडने शंका निर्माण केली, निकाल दिला तो काचपात्रातल्या हिरव्या स्फटिकांनी. विज्ञानाच्या शिक्षकांनी तुलनात्मक प्रयोग कसा असावा हे शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

एकावर एक रांजण

पण एक प्रश्न उरतोच. खाणीतल्या टॉर्बर्नाइटमध्ये रेडियम आणि पोलोनियम आले कोठून, आणि काचपात्रातल्या टॉर्बर्नाइटमध्ये ते का नव्हते? याचे उत्तर १८९८ साली कोणालाच देता आले नसते. १९०२ च्या सुमारास रदरफर्ड आणि सॉडी यांनी एका मूलद्रव्याचे दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर होत असते हे दाखवले, आणि मग हळूहळू सगळी साखळी उलगडली.

युरेनियम-२३८ चा अणू फुटून थोरियम-२३४ होते, त्याचे प्रोटॅक्टिनियम, त्याचे युरेनियम-२३४, मग थोरियम-२३०, मग रेडियम-२२६, मग रेडॉन हा वायू, आणि पुढे आणखी काही पायऱ्या उतरून पोलोनियम-२१०, व शेवटी शिसे-२०६. शिसे फुटत नाही, तेथे साखळी संपते. या वाटेवर एकूण आठ अल्फा कण बाहेर पडतात. प्रत्येक पिढीचे अर्धायुष्य वेगळे. युरेनियम-२३८ चे सुमारे साडेचार अब्ज वर्षे, थोरियम-२३० चे सुमारे ७५ हजार वर्षे, रेडियमचे १,६०० वर्षे, रेडॉनचे पावणेचार दिवसांहून किंचित अधिक.

एकाखाली एक रांजण मांडले आहेत आणि प्रत्येकाच्या बुडाला भोक आहे, अशी कल्पना करा. सर्वांत वरचा रांजण तलावाएवढा मोठा आणि त्याचे भोक सुईच्या अग्राएवढे. तो युरेनियम. खालचे सगळे रांजण सुरुवातीला रिकामे. वरून ठिबकणारे पाणी पहिल्या रांजणात साचू लागते, साचले तसे त्यातून खाली गळू लागते. पुरेसा वेळ गेला की प्रत्येक रांजणात जेवढे येते तेवढेच बाहेर जाते आणि पातळी स्थिर होते. मोठ्या भोकाच्या रांजणात पाणी थोडेच राहते, बारीक भोकाच्या रांजणात जास्त. अशा समतोल स्थितीत तीन टन युरेनियमच्या सोबतीला सुमारे एक ग्रॅम रेडियम असते. म्हणून तर रेडियम गोळा करायला क्यूरी दांपत्याला टनावारी पिचब्लेंडचा चोथा उकळावा लागला.

आता काचपात्रातल्या टॉर्बर्नाइटकडे पाहा. त्यासाठी घेतलेले युरेनियम नायट्रेट शुद्ध होते. शुद्ध करणे म्हणजे युरेनियमखेरीज बाकी सर्व काढून टाकणे. त्या कामात रसायनकारांनी नकळत खालचे सगळे रांजण उपडे केले होते! उरले युरेनियम-२३८ आणि त्याच्यापासून रासायनिक रीतीने वेगळे न होणारे युरेनियम-२३४. आठ अल्फा कणांपैकी दोनच या दोघांचे. आठास दोन म्हणजे चौपट. शिवाय पुढच्या पिढ्यांचे बरेचसे अल्फा कण युरेनियमच्या कणांहून अधिक जोमाचे असतात, हवेत अधिक प्रवाह निर्माण करतात. म्हणून फरक चारपटीवर न थांबता पाचपटीच्या पुढे गेला. ५.२ ला ०.९ ने भागून पाहा.

थोरियम-२३० चा रांजण भरायला फार वेळ लागतो. समतोल जवळ यायला दोन-तीन लाख वर्षे तरी हवीत. मेरीबाईंनी १८९८ साली बनवलेले स्फटिक कोणी फडताळात जपून ठेवले असते, तर आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर त्यात थोरियम-२३० समतोलाच्या हजारात एक हिस्सा जमलेले असते, आणि रेडियम त्याहूनही कितीतरी कमी.

रांजणांच्या या मांडणीत एक गळकी जागा आहे, ती रेडॉनची. तो वायू असल्याने पत्र्यांच्या फटींतून थोडाफार निसटतो. सॅक्सनीतील श्नीबर्गच्या खाणकामगारांना पिढ्यान् पिढ्या छातीचा एक जीवघेणा रोग होत असे. तो फुप्फुसाचा कर्करोग आहे, हे १८७९ साली दोन जर्मन डॉक्टरांनी दाखवले, त्या वेळी रेडॉनचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. त्या मृत्यूंमागे खाणीच्या कोंदट हवेतला रेडॉन आणि त्याच्यापासून होणारे पोलोनियमचे कण मुख्यतः होते, हे पुढे कळले. अल्फा कण कागदाच्या कपट्यानेही अडतात, पण श्वासाबरोबर आत गेलेल्या कणाला अडवायला फुप्फुसात कागद नसतो. टॉर्बर्नाइट मऊ, त्याची धूळ सहज होते आणि त्यातून रेडॉन निघतो. त्यामुळे ते घरातल्या दगडगोट्यांच्या संग्रहात ठेवण्याजोगे नाही. शिवाय आपल्याकडे युरेनियमच्या खनिजांवर सरकारचे नियंत्रण आहे. संग्रहालयात काचेआड दिसले, तर मनसोक्त पाहावे.

काचपात्राबाहेरही नव्या टॉर्बर्नाइटचा एक नमुना अलीकडे पाहायला मिळाला आहे. अमेरिकेत हॅनफर्ड येथे अणुभट्ट्यांसाठी युरेनियमचे इंधन तयार करत. त्या कामातले सांडपाणी १९४० च्या दशकापासून १९७५ पर्यंत उघड्या तळ्यांत सोडले जात होते. त्यात युरेनियम होते आणि तांबेही होते. पुढे शास्त्रज्ञांनी त्या तळ्यांखालची माती क्ष-किरणांनी तपासली, तेव्हा तिच्यात मेटाटॉर्बर्नाइटचे सूक्ष्म कण आढळले. युरेनियम, तांबे आणि फॉस्फेट हे तिन्ही वाटसरू तेथेही भेटले होते, आणि डोंगर झिजण्याची वाट न पाहता काही दशकांतच हे खनिज तयार झाले होते. अशा न विरघळणाऱ्या रूपात युरेनियम जखडले गेले, तर ते भूजलाबरोबर नदीपर्यंत सहजासहजी वाहून जात नाही. म्हणून दूषित जमिनीत मुद्दाम फॉस्फेट सोडून युरेनियमला अडवता येईल काय, यावर तेथे प्रयोगही झाले आहेत.

हॅनफर्डच्या त्या कणांतले युरेनियम कारखान्यात शुद्ध होऊन आलेले होते. म्हणजे वय, घटना आणि किरणोत्सर्ग या तिन्ही बाबतींत ते कण खाणीतल्या टॉर्बर्नाइटपेक्षा मेरीबाईंच्या काचपात्रातल्या स्फटिकांच्या अधिक जवळचे आहेत. त्यांच्यात रेडियम अजून जवळजवळ नाहीच.